डोनांच्या जिन्यातलं नाटक

आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘श्पेटर’. नंतर. नळ गळतोय, नंतर बघते, कोळसा संपत आलाय, नंतर आणते, असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम टाकून समोर येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “नंतर म्हणजे कधी? वार सांग.” वार सांगितल्याशिवाय पुढे जायला वाट मिळायची नाही. मी कोलोनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आले, तेव्हा जे काही जर्मन शब्द मला अस्खलित म्हणता येत होते त्यात हा एक होता, आणि तो मी दुसऱ्याच दिवशी मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर वापरला. जिना झाडायची पाळी माझी होती. मी गुरुवार सांगून सुटका करून घेतली. गुरुवारी सकाळी त्या झाडू घेऊन माझ्या दाराबाहेर उभ्या होत्या.

त्या मूळच्या ब्राझीलच्या, साओ पावलो शहरातल्या. एका जर्मन इंजिनिअरशी लग्न करून युद्धानंतर काही वर्षांनी त्याच्याबरोबर इकडे आल्या. ब्राझीलमध्ये वयानं मोठ्या बाईच्या नावाआधी ‘डोना’ लावतात म्हणे. आम्ही भाडेकरू नाव गाळून नुसतंच डोना म्हणायचो. बुटक्या, रुंद बांध्याच्या, केसात कायम एक पेन्सिल खोचलेली. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत घरातसुद्धा त्या वारलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट घालून वावरायच्या. कोट त्यांच्या घोट्यापर्यंत यायचा. थंडी हे कारण होतंच, पण मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “याला खिसे आहेत. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात. मग पेन्सिल केसात आणि किल्ल्या हातात. दार उघडायचं कशानं?”

त्यांचं जर्मन फार वेगळं होतं. त्या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, आणि प्रत्येक नामाचं लिंग पाठ करण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. डोनांनी ही कटकट मिटवून टाकली होती. त्यांच्या बोलण्यात सगळी नामं स्त्रीलिंगी. पाव, टेबल, ट्राम, पोस्टमन, स्वतः पोपसुद्धा. त्यांना खरं येत नव्हतं असं नाही. दुसऱ्याचं चुकलं की त्या लगेच सुधारायच्या.

“मी बघितलंय नीट,” त्या म्हणायच्या. “या भाषेत टेबल पुरुष, खुर्ची पुरुष, चमचा पुरुष. आणि मुलगी? मुलगी नपुंसकलिंगी. ज्यांनी हे ठरवलं ते जेवायला बसणारे असणार, वाढणारे नसणार. आल्झो, म्हणजे तर मग, मी माझं ठरवलंय.”

बेकरीवाला त्यांना त्यांच्याच व्याकरणात उत्तर द्यायचा. बाकी कुणाचं काही अडलं नाही.

पण डोनांचं खरं वेड म्हणजे नाटक. साओ पावलोत त्यांची एक शाळासोबतीण होती, ती नाटकं लिहायची. तिच्या आसपास आणखी दोन-चार जणी लिहिणाऱ्या होत्या. त्या सगळ्या जणी आपापल्या नाटकांच्या टंकलिखित प्रती बोटीनं डोनांना पाठवायच्या आणि डोना त्यांचं जर्मन करायच्या. ही नाटकं अगदी ताजी, त्यांच्याकडे नुकतीच कुठंतरी झालेली किंवा अजून व्हायची असलेली. त्यात राजा नसायचा, खून नसायचा. एकात दोन जावा होत्या आणि त्यांच्यात मिळून एक शिवणयंत्र. एकात मोलकरणीला मूल होतं आणि घरातल्या तीन बायका त्या मुलाचं नाव काय ठेवायचं यावर अंकभर भांडतात. बाप कोण हे कुणीच विचारत नाही, कारण ते तिघींनाही ठाऊक असतं.

दर रविवारी दुपारी आम्ही भाडेकरूंनी डोनांच्या स्वयंपाकघरात जमून ही नाटकं वाचायची, असा घरचा नियमच होता. दाराशी टांगलेल्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे घराच्या नियमांच्या पाटीवर, जिन्यात सामान ठेवू नये आणि दुपारी एक ते तीन आवाज करू नये याच्या खाली त्यांनी पेन्सिलीनं तो लिहून ठेवला होता. मी पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा माझी निम्मी वाक्यं मलाच कळत नव्हती. पण दुसऱ्या अंकात एक आत्या येऊन पुतणीच्या लग्नाबद्दल बोलायला लागली, तेव्हा मी वाचता वाचता थांबले. आमची सांगलीची आत्या शब्दन् शब्द हेच बोलली होती, मी जर्मनीला निघाले त्याच्या आदल्या आठवड्यात. मी हे डोनांना सांगितलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. “मग तुला पाठ करायला सोपं जाईल,” म्हणाल्या.

एकदा त्या शहरातल्या एका थिएटरमधल्या नाटकं निवडणाऱ्या गृहस्थांकडे गेल्या, तेव्हा मला सोबत नेलं. गृहस्थ सभ्य होते. कॉफी मागवली, संहिता आधीच वाचून ठेवली होती.

“नाटक चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण बाई, यात ब्राझील कुठं आहे? आमच्या प्रेक्षकाला काहीतरी लागतं. रंग, संगीत, जंगल.”

“माझ्या आईच्या घरात जंगल नव्हतं,” डोना म्हणाल्या. “खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर मावश्या बसलेल्या असायच्या. ब्राझील म्हटलं की तुम्हाला पोपट आठवतात. आमच्याकडे मावश्याही असतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला नको का?”

गृहस्थ हसले आणि म्हणाले, “नंतर कधीतरी विचार करू.”

डोनांनी केसातली पेन्सिल काढली. “वार सांगा.”

ते पुन्हा हसले. डोना पेन्सिल धरून बसून राहिल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गृहस्थांचं हसणं संपलं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. वार काही सांगितला नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं बाई खचल्या असतील. त्या ट्रामच्या थांब्याकडे झपाझप चालत म्हणाल्या, “आल्झो, आता आपल्या चर्चचे पाद्रीबाबा. त्यांच्याकडे सभागृह आहे.”

‘नंतर’ या शब्दाचं कारण मला त्याच हिवाळ्यात कळलं. आम्ही दोघी काळा घेवडा निवडत बसलो होतो. हँबुर्ग बंदरात त्यांच्या ओळखीचं कुणीतरी होतं, ते तो पाठवायचं. मी सहज त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

“भला माणूस होता,” त्या म्हणाल्या. “त्यानं मला कधी नाही म्हटलं नाही. मी म्हणायची, मला नाटक बसवायचंय. तो म्हणायचा, जरूर, नंतर. आधी घर दुरुस्त होऊ दे. मग कारखान्याचं बस्तान बसू दे. मग आई आजारी आहे, तिचं होऊ दे. एका मंगळवारी जेवता जेवता त्याचं डोकं टेबलावर टेकलं आणि तो गेला. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, मुली. नंतर म्हणणाऱ्याशी कसं भांडणार?” एवढं बोलून त्यांनी निवडलेल्यातला एक खडा उचलून मला दाखवला. माझ्या नजरेतून सुटला होता.

पहिल्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहायचं. दादा पुण्याच्या एका कंपनीतर्फे ऱ्हाइन नदीपलीकडच्या यंत्रांच्या कारखान्यात आले होते. मी त्यांना दादा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादा शिस्तीचे, नीटनेटके, वेळेला पक्के. प्रत्येक वाक्याला ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायची त्यांना सवय लागली होती. वहिनी इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आल्या आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. शहरात दवाखान्यांच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसांची एक शाळा होती, ती त्यांनी ट्रामच्या खिडकीतून पाहिली होती. एकदा हिय्या करून आत जाऊन चौकशीही केली. भाषा सुधारा, मग घेऊ, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं.

“यांना विचारलं मी,” वहिनी एकदा मला डोनांच्या सामाईक स्वयंपाकघरात शेगडीपाशी म्हणाल्या. “नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, दोन वर्षांनी परतच जायचंय, कशाला आता? तिकडे गेल्यावर नंतर बघू.” त्यांनी हे मराठीत सांगितलं म्हणून बरं. डोना शेजारीच कांदा चिरत होत्या.

त्या दिवसांत डोनांच्या मनात एकच नाटक होतं, त्यांच्या त्या शाळासोबतिणीचं. एका घरातलं जेवणाचं टेबल, एक दुपार. टेबलाशी आई आणि दोन मुली. बाप वरच्या मजल्यावर आहे. तो शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त त्याची काठी ऐकू येते. काठी आपटली की खालचं बोलणं थांबतं. कधी पाणी हवं असतं, कधी मुलींचा आवाज चढलेला असतो. धाकटीला दुसऱ्या शहरात शिकायला जायचंय. प्रत्येक वेळी विषय निघाला की काठी. शेवटी आई उठते आणि जिना चढून वर जाते. वर ती काय बोलते ते प्रेक्षकांना ऐकू येत नाही. लेखिकेनं ते लिहिलेलंच नाही. थोड्या वेळानं आई काठी हातात घेऊन खाली येते, ती छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवते, टेबलाशी बसते आणि पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घेते. नाटक संपलं.

धाकटीचं काम मला दिलं. थोरलीचं काम माळ्यावरच्या खोलीत राहणाऱ्या एका जर्मन नर्सला. आई मिळत नव्हती. शेजारपाजारच्या बऱ्याच बायका वाचून गेल्या, डोना मान हलवायच्या. एका संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात असताना वर धप्प असा आवाज झाला. दादांनी बूट काढला होता. वहिनी माझ्याशी बोलत होत्या. बोलणं न थांबवता, वर न बघता, त्यांचा हात चहाच्या आधणाकडे गेला आणि त्यांनी गॅस मोठा केला. डोना त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

“ही आई आहे,” त्या मला म्हणाल्या. “हिचा एक कान वर असतो.”

वहिनी घाबरल्या. “मला जर्मन कुठं येतं?”

“या आईला फार बोलायचं नाहीये. ऐकायचंय. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि जे थोडं बोलायचंय ते मी शिकवीन.”

दुसऱ्या दिवशी दादा टाय बांधून खाली आले. मी तिथंच भांडी पुसत होते.

“माझी पत्नी नाटकात काम करणार नाही,” ते उभ्या उभ्याच म्हणाले. “आमच्याकडे तशी पद्धत नाही. शिवाय तिला घर आहे.”

“गेनाऊ,” डोना म्हणाल्या. “बरं झालं तुम्ही आलात. बसा. माझं तुमच्याकडेच काम होतं. मला बाप मिळत नाहीये.”

“मला नाटकातलं काही कळत नाही.”

“कळायला नकोच. बाप दिसत नाही, बोलत नाही. नुसती काठी आपटायची. पण वेळेवर, आणि अशी की खाली बसलेल्या बाईचा चमचा हवेत थांबला पाहिजे. नर्सच्या भावाकडून आपटवून बघितली. दार वाजवल्यासारखी आपटतो. त्याला वेळेचं काही कळत नाही.”

दादा बसले. मग त्यांनी विचारलं, “जमीन लाकडी आहे की फरशी?”

त्यानंतर ते त्या काठीच्या मागेच लागले. झाडूचा दांडा लावून पाहिला, छत्री पाहिली. दांड्याचा आवाज पोकळ येतो आणि छत्रीचा भित्रा, असं त्यांचं मत पडलं. अखेर डोनांनी आपल्या नवऱ्याची काठी काढून दिली, खाली लोखंडी टोपण असलेली. ती त्यांना पसंत पडली. बायकोच्या कामाबद्दल पुन्हा विषय निघाला नाही, कारण आता ती गेली नाही तर काठी कुणासाठी आपटायची हा प्रश्न होता.

तालमी आठवड्यातून तीनदा व्हायच्या, दादा कारखान्यातून आल्यावर. डोना ओव्हरकोटात उभ्या राहून वहिनींना एकेक वाक्य घोटायला लावायच्या. वहिनी ती वाक्यं भाजी चिरताना म्हणायच्या, कपडे वाळत घालताना म्हणायच्या. हळूहळू त्या नाटकाबाहेरचंही जर्मन बोलू लागल्या. बेकरीत, ट्राममध्ये, पोस्टात. एकदा त्यांनी डोनांसारखं पावाला स्त्रीलिंगी म्हटलं आणि डोनांनी त्यांना दरडावलं, “तू नीट बोलायचं. तुला परीक्षा द्यायचीय.” वहिनींनी त्यांना शाळेबद्दल केव्हा सांगितलं होतं, मला ठाऊक नाही.

दादांना मात्र काठी वेळेवर आपटण्यासाठी नाटकातलं प्रत्येक वाक्य ऐकावं लागायचं. पहिले काही आठवडे ते फक्त वेळेबद्दल बोलले. मग एक दिवस चहा घेताना मला म्हणाले, “ही आई इतकी वर्षं गप्प का बसलीय पण?”

“वहिनींना विचारा ना.”

“विचारलं. ती म्हणाली, नाटकात तसंच लिहिलंय.”

वहिनींचाही एक प्रश्न होता. “डोना, मी वर गेल्यावर यांच्याशी काय बोलायचं?”

“लिहिलेलं नाही,” डोना म्हणाल्या. “तुझं तू बघ. आणि खाली आल्यावर कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही.”

तालमीत वहिनी वर जायच्या, दादा काठी द्यायचे, त्या खाली यायच्या. एवढंच.

पाद्रीबाबांनी चर्चचं सभागृह द्यायचं कबूल केलं होतं, आणि शेवटच्या आठवड्यात ते तिथं तालीम बघायला आले. वयस्क, प्रेमळ माणूस. सगळं नाटक टोपी मांडीवर ठेवून मन लावून पाहिलं. संपल्यावर काळजीनं म्हणाले, “तिनं त्याला ठार मारलं तर नाही ना?”

“मला माहीत नाही,” डोना म्हणाल्या.

“मग असं करू. ती खाली आल्यावर वरून त्याचा खोकला ऐकू येऊ द्या. एकदाच. लोकांना कळेल की घरात सगळं ठीक आहे. शांत मनानं घरी जातील.”

“लोकांनी शांत मनानं घरी जावं म्हणून मी हा खटाटोप करत नाहीये.”

“बाई, खोकल्याशिवाय मला हे सभागृह देता येणार नाही.”

मी डोनांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांची मेहनत. नुसता एक खोकला. दादा तर लगेच खोकून दाखवायला तयार होते. डोनांनी कोटाची बटणं लावली.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं सभागृह, तुमचा नियम. पण बघायला याल ना?”

“कुठं?”

त्या क्षणापर्यंत त्यांना ते ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. “माझ्या घरी,” त्या म्हणाल्या. “रविवारी चार वाजता. रंगमंचावरचा खोटा जिना वर जाऊन संपतो. माझा जिना खरंच वर जातो.”

दोन दिवसांत त्यांनी घर पालथं घातलं. नियमांची पाटी काढून कपाटात ठेवली. आम्ही जेवणाचं टेबल जिन्याच्या पायथ्याशी ओढलं. स्वयंपाकघराची आणि पुढच्या खोलीची दारं बिजागऱ्यांवरून उतरवली, म्हणजे दोन्हीकडून दिसेल. शेजारच्या घरातल्या आजोबांनी जिन्यात गर्दी करणं नियमाविरुद्ध आहे म्हणून तक्रार केली, तर डोनांनी त्यांना पुढच्या रांगेतली खुर्ची दिली. बसल्यावर तक्रार करणं त्यांना अवघड गेलं.

रविवारी घर भरलं. गल्लीतल्या बायका, बेकरीवाला, माझ्या प्रयोगशाळेतली मुलं, नर्सच्या वॉर्डातल्या दोघी. पाद्रीबाबा आले आणि अगदी मागे, ओव्हरकोट अडकवायच्या खुंट्यांखाली बसले. थिएटरच्या गृहस्थांनाही डोनांनी वार आणि वेळ कळवली होती. ते आले नाहीत. डोनांनी त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बेकरीवाल्याच्या बायकोला बसवलं आणि सुरू करायची खूण केली.

दादांची काठी त्या दिवशी भयंकर वाजली. खोली त्यांची स्वतःची, लाकूड ओळखीचं. पहिल्या ठोक्याला पुढच्या रांगेतले आजोबा खरंच दचकले. वहिनींचा चमचा हवेत थांबला, आणि बघणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी ओळखीचं हसली. धाकटीचं भाषण मी कसंबसं नीट पार पाडलं. मग वहिनी उठल्या. हात फडक्याला पुसले आणि जिना चढून गेल्या.

मी पायथ्याशी बसले होते. तालमीत जेवढा वेळ लागायचा तेवढा होऊन गेला. वहिनी आल्या नाहीत. नर्सनं टेबलाखालून माझा पाय दाबला. तेवढ्यात वरून हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं. पण त्या घरात ते कळणारी मी एकटीच होते.

“अहो, काठी द्या.”

“देतो ना. हे घे.”

“थांबा, अजून आहे. त्या शाळेत मी नाव घातलंय. उद्या पहिला दिवस आहे.”

मग दादा, “कधी घातलंस?”

“मंगळवारी. तुम्ही कारखान्यात होता.”

“अगं, पण आत्ता? खाली माणसं बसलीत.”

“म्हणूनच आत्ता. एरवी तुम्ही म्हणता नंतर बोलू.”

“आणि घरचं?”

“घरचं दोघं मिळून बघू. कसं करायचं ते विचारा, मी सांगते. पण जायचं की नाही हे मी विचारत नाहीये.”

मी ताटात बघत बसले होते. चेहऱ्यावर काय दिसत असेल या भीतीनं मान वर केली नाही. खाली एकही खुर्ची करकरत नव्हती. शब्द कुणाला समजत नव्हते, पण वर जे चाललंय ते पाठ केलेलं नाही हे सगळ्यांना समजलं होतं. बराच वेळ गेल्यावर दादांचा आवाज आला.

“काठी जड आहे. खाली लोखंड आहे तिला. जिना जपून उतर.”

वहिनी खाली आल्या. डोळे कोरडे होते, कान लाल झालेले. त्यांनी काठी स्टँडमध्ये ठेवली. टेबलाशी बसल्या, डोनांनी रांधलेला काळा घेवडा पळीनं स्वतःच्या ताटात वाढून घेतला. तालमीत एक घास घेऊन थांबायचं असं ठरलं होतं. त्या थांबल्या नाहीत. भूक लागलेल्या माणसासारख्या जेवत राहिल्या, आणि आम्ही दोघी मुली आणि घरभर माणसं बघत राहिलो. टाळ्या केव्हा वाजवायच्या हे कुणालाच कळेना. शेवटी डोनांनी जिन्याखालून पुढे येऊन सांगितलं, “संपलं.”

दादा वरून आले तेव्हा त्यांनाच सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. ते ओशाळले. पाद्रीबाबा गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “तुम्ही जिवंत आहात, फार बरं वाटलं.”

सोमवारी वहिनी शाळेत गेल्या. पहिला महिना त्यांच्या घरात बरीच धुसफूस झाली, ती जिन्यातून आम्हाला ऐकू यायची. भात लागला म्हणून, मोजे सापडले नाहीत म्हणून. मग ती कमी झाली. दादा भात नीट शिजवायला शिकले, पाणी मोजून, गेनाऊ. दोन वर्षांनी ते परत गेले नाहीत. वहिनी पास होऊन एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या होत्या, तर दादांनीच मुदत वाढवून घेतली. डोनांच्या पुढच्या नाटकात आपल्याला काही काम आहे का, असं ते मधूनमधून विचारायचे.

डोनांना एवढ्यावर समाधान नव्हतं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी त्या शिवणयंत्राच्या नाटकाच्या भाषांतराला बसल्या होत्या. दर वर्षी त्यांची एक नवी संहिता तयार व्हायची, दर वर्षी ती घेऊन त्या थिएटरच्या त्या गृहस्थांकडे जायच्या आणि पेन्सिल हातात धरून बसायच्या. मी असेपर्यंत गृहस्थांनी वार दिला नाही. पण तिसऱ्या वर्षी रविवारच्या वाचनाला ते स्वतः येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले, आणि डोनांनी त्यांच्या हातात प्रत देऊन त्यांना सासूचं काम वाचायला लावलं.

माझी पदवी झाली. निघायच्या आठवड्यात आम्ही दोघी स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसलो होतो. मला वाटलं, जाण्याआधी बाईंना काहीतरी द्यावं, आणि माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

“डोना,” मी म्हटलं, “त्या दिवशी वहिनी वर काय बोलल्या, ते मला ऐकू आलं होतं. सांगू?”

त्यांचे हात थांबले. त्यांना ऐकायची किती इच्छा होती ते मला स्पष्ट दिसलं. त्या नाटकाचा शब्दन् शब्द त्यांनी पोर्तुगीजमधून जर्मनमध्ये आणला होता, आणि तेवढीच जागा त्यांच्यासाठी कोरी राहिली होती. त्यांनी ओव्हरकोट अंगाभोवती ओढून घेतला.

“नको,” त्या म्हणाल्या. “मला एकदा कळलं की पुढच्या बाईला मी तेच बोलायला लावीन. मला राहवणार नाही. आणि पुढच्या बाईला तिच्या घरात दुसरंच काही सांगायचं असेल.”

त्यांनी ओंजळभर घेवडा पातेल्यात टाकला.

“तुझ्या खोलीत आता एक तुर्की मुलगी येतेय,” त्या म्हणाल्या. “कारखान्यात कामाला. शुक्रवारी येईल. तिला वडील आहेत का, काही ऐकलंयस तू?”